शहरांच्या उष्णताजाळ्यांचे नूतनीकरण आणि कार्बन उत्सर्जन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्मार्क, स्वीडन किंवा फिनलंडमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरात बहुधा गीझर नसतो, बॉयलर नसतो आणि इमारतीवर धुराडेही नसते. तरी उणे दहा अंशांच्या थंडीत खोली उबदार राहते आणि नळाला गरम पाणी येते. ही उष्णता शहराच्या कडेला असलेल्या केंद्रांतून जमिनीखालच्या नळांनी येते. ती कोळशाविना, नैसर्गिक वायूविना आणि शक्यतो काहीही न जाळता कशी मिळवायची, हा या शहरांपुढचा सध्याचा मोठा प्रश्न आहे. पुढील उत्तरे मुख्यतः कोपनहेगन आणि हेलसिंकी यांच्या अनुभवावर आधारलेली आहेत, कारण या दोन्ही शहरांनी बरेच काही करून दाखवले आहे आणि जे जमले नाही तेही उघडपणे मांडले आहे.

डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणजे नेमके काय?

एका किंवा अनेक केंद्रांत पाणी तापवायचे, ते उष्णतारोधक आवरणाच्या नळांतून शहरभर खेळवायचे, इमारतीच्या तळघरातील हीट एक्स्चेंजरमध्ये त्याची उष्णता इमारतीच्या स्वतःच्या पाण्याला द्यायची आणि निवलेले पाणी दुसऱ्या नळाने केंद्राकडे परत न्यायचे, अशी या व्यवस्थेची सर्वसाधारण रचना असते. जाळ्यातले पाणी घरातल्या नळाला येत नाही. तेच पाणी बंद वेटोळ्यात पुनःपुन्हा फिरत राहते. व्यापारी तत्त्वावर यशस्वी ठरलेले पहिले जाळे बर्डसिल हॉली यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे उभारले आणि ते वाफेवर चालत असे. आज डेन्मार्कमधील सुमारे दोन तृतीयांश घरे अशा जाळ्यांना जोडलेली आहेत. कोपनहेगन शहराची तर सुमारे ९८ टक्के उष्णतेची गरज त्यातून भागते, आणि हेलसिंकीतही सुमारे नव्वद टक्के इमारती याच व्यवस्थेवर आहेत.

ही जाळी मुळात प्रदूषण कमी करण्यासाठीच उभारली गेली का?

नाही. कोपनहेगनने चहूबाजूंनी वेढलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या स्वतंत्र नगरपालिकेने १९०३ मध्ये डेन्मार्कमधले पहिले जाळे सुरू केले, ते कचरा टाकायला जागा उरली नव्हती म्हणून. कचरा जाळण्याचे केंद्र बांधले आणि त्याची उष्णता जवळच्या रुग्णालयासारख्या सार्वजनिक संस्थांना दिली. पुढे १९७३ च्या तेलसंकटाने डेन्मार्कला खरा हादरा दिला, कारण देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा तेव्हा तेलातून येत होती आणि ते तेल जवळजवळ सगळे आयात होत होते. रविवारी मोटारी चालवण्यावर बंदी घालण्यापर्यंत वेळ आली. त्यानंतर १९७९ चा उष्णतापुरवठा कायदा आला. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतील उष्णतेच्या गरजेचा नकाशा करावा, दाट वस्तीत जाळे न्यावे आणि वीजनिर्मिती केंद्रांची वाया जाणारी उष्णता वापरावी, असा त्याचा आशय होता.

शेवटचा मुद्दा महाराष्ट्रातील वाचकांना परका नाही. आपल्याकडे साखर कारखाने उसाची चिपाडे जाळून सहवीजनिर्मिती करतात, म्हणजे त्याच वाफेवर आधी वीज काढतात आणि उरलेली वाफ रस आटवण्यासाठी वापरतात. डेन्मार्कने हेच तत्त्व कोळशाच्या वीजकेंद्रांना आणि संपूर्ण शहरांना लावले. नुसती वीज करणारे कोळशाचे केंद्र इंधनातील सुमारे चाळीस टक्के ऊर्जा उपयोगात आणते आणि बाकीची समुद्रात किंवा हवेत सोडते, तर वीज आणि उष्णता दोन्ही देणाऱ्या केंद्रात नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी येते.

मग एवढी कार्यक्षम व्यवस्था बदलायची कशासाठी?

कार्यक्षमतेने जाळला तरी कोळसा हा कोळसाच असतो. हेलसिंकीत २०२० च्या सुमारास जाळ्यातील निम्म्याहून अधिक उष्णता कोळशातून येत होती आणि शहराच्या एकूण उत्सर्जनात इमारती तापवण्याचा वाटा सर्वांत मोठा होता. फिनलंडने मे २०२९ पासून ऊर्जेसाठी कोळसा जाळण्यावर कायद्याने बंदी घातली आहे. हेलसिंकीच्या नगरपालिकेच्या मालकीच्या हेलेन या कंपनीने त्याआधीच, २०२३ च्या वसंतात हानासारी आणि एप्रिल २०२५ मध्ये साल्मिसारी येथील कोळसा केंद्र बंद केले. स्टॉकहोमने आपले शेवटचे कोळशाचे संयंत्र एप्रिल २०२० मध्येच थांबवले होते.

याहून खोल कारण असे की पवन आणि सौर विजेचे प्रमाण वाढले की वीजनिर्मितीतून आपोआप निघणारी उष्णता उरतच नाही. पवनचक्कीला धुराडे नाही आणि वाया जाणारे गरम पाणीही नाही. पन्नास वर्षे ज्या जोडउत्पादनावर या जाळ्यांचे अर्थकारण उभे होते, ते जोडउत्पादनच संपत चालले आहे.

नूतनीकरणात सर्वांत महत्त्वाचे काम कोणते?

बातम्यांत बहुतेक वेळा इंधनबदल दिसतो, कारण जुने धुराडे पाडतानाचे छायाचित्र काढता येते. प्रत्यक्षात सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम म्हणजे जाळ्यातील पाण्याचे तापमान उतरवणे.

अभियंते या जाळ्यांच्या पिढ्या मानतात. पहिली पिढी वाफेची. दुसरी, दाबाखाली शंभर अंशांहून अधिक तापवलेल्या पाण्याची. तिसरी, जी १९७० च्या दशकापासून स्कँडिनेव्हियात रुजली, शंभर अंशांखालच्या पाण्याची आणि कारखान्यातच आवरण चढवून आणलेल्या नळांची. आता जिच्याकडे वाटचाल चालू आहे ती चौथी पिढी पन्नास ते साठ अंशांवर चालावी अशी अपेक्षा आहे.

तापमानाला एवढे महत्त्व का, हे हीट पंपाच्या, म्हणजे विजेच्या बळावर गार ठिकाणची उष्णता उपसून गरम पाण्याला देणाऱ्या यंत्राच्या, हिशेबावरून स्पष्ट होते. पाच अंशांच्या समुद्राच्या पाण्यातून उष्णता घेऊन ती ऐंशी अंशांवर द्यायची असेल, तर भौतिकशास्त्राच्या नियमाने एका युनिट विजेत जास्तीत जास्त ४.७ युनिट उष्णता मिळू शकते. प्रत्यक्षातील यंत्राला त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २.३ युनिट मिळाली असे धरू. तेच पाणी साठ अंशांवर दिले तर सैद्धांतिक मर्यादा सहाच्या वर जाते आणि प्रत्यक्ष यंत्राला तीन युनिट मिळतात. यंत्र तेच आणि समुद्रही तोच, पण वीज पाचव्या हिश्श्याहून अधिक कमी लागते. शिवाय जमिनीखालच्या नळांतून वाया जाणारी उष्णता घटते, आणि डेटा सेंटर किंवा सांडपाणी केंद्र यांसारखे कोमट स्रोत, जे उकळत्या पाण्याच्या जाळ्याला निरुपयोगी होते, ते एकाएकी कामाचे ठरतात.

परतीच्या पाण्याचे तापमान तर याहूनही दुर्लक्षित विषय आहे. पाणी ऐंशी अंशांवर गेले आणि चाळीसवर परतले, तर प्रत्येक घनमीटर पाण्याने सुमारे ४६ किलोवॉट-तास उष्णता पोचवली. तेच साठवर परतले तर निम्मीच पोचली, म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी दुप्पट पाणी ढकलावे लागले; आणि प्रवाह दुप्पट केला की घर्षणामुळे पंपांना लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. एखाद्या शहराचे जाळे किती सुधारले आहे हे विचारायचे असेल, तर त्याच्या इंधनाआधी त्याच्या परतीच्या पाण्याचे तापमान विचारावे, असे या लेखकाचे मत आहे.

तापमान उतरवणे इतकेच फायद्याचे असेल, तर ते लगेच का केले जात नाही?

कारण ते केंद्रात बसून करता येत नाही. त्यासाठी हजारो इमारतींच्या तळघरांत उतरावे लागते. जुन्या इमारतींतील रेडिएटर, म्हणजे खोलीला ऊब देणारी गरम पाण्याची भिंतीलगतची पात्रे, जास्त गरम पाण्याच्या हिशेबाने बसवलेले असतात, भिंतींतून आणि खिडक्यांतून ऊब निसटते, आणि एका रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीला ऐंशी अंश लागत असतील तर त्या संपूर्ण शाखेला ऐंशी अंश पुरवावे लागतात. अनुभव मात्र असा आहे की बऱ्याच इमारतींना वाटते तितके गरम पाणी लागत नाही. मधल्या वर्षांत दुहेरी काचा बसलेल्या असतात, रेडिएटर मुळातच गरजेपेक्षा मोठे असतात, आणि खरा दोष बिघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा रेडिएटरांत पाणी वाटण्याच्या चुकीच्या समतोलात सापडतो.

दुसरी अडचण लिजिओनेला या जिवाणूची आहे. तो साधारण वीस ते पंचेचाळीस अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्याच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतो, म्हणून नळाच्या गरम पाण्याची मोठी टाकी साठ अंशांवर ठेवण्याची पद्धत आहे. टाकीच काढून टाकून प्रत्येक सदनिकेत छोटा हीट एक्स्चेंजर बसवला आणि पाणी लागेल तेव्हाच तापवले, तर साचलेले पाणी राहत नाही आणि कमी तापमानावरही भागते. नव्या वसाहतींत हे सहज होते. जुन्या पाच मजली इमारतीत मात्र प्रत्येक न्हाणीघर उघडावे लागते, आणि त्या खर्चावर रहिवाशांच्या सभेत एकमत होईपर्यंत किती काळ जातो हे कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सदस्याला सांगायला नको.

वाफेवर चालणारी जाळी अजून शिल्लक आहेत का?

आहेत. न्यूयॉर्कमधील १८८२ पासूनचे जाळे आजही मॅनहॅटनला वाफ पुरवते. २००७ मध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर १९२४ सालच्या नळाचा स्फोट झाला तेव्हा त्याचे वय जगाला कळले. वाफेच्या जाळ्याला हीट पंप जोडणे व्यवहार्य नसते, त्यामुळे तिथे नूतनीकरण म्हणजे रस्ते खणून जाळेच बदलणे. कोपनहेगनच्या मध्यवस्तीत होफोर या नगरपालिकेच्या कंपनीने ते अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने केले आणि २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ पूर्णपणे गरम पाण्याने बदलली.

हिवाळ्यातल्या गार समुद्रातून किंवा सांडपाण्यातून उष्णता कशी काय मिळते?

पाणी गोठत नाही तोवर त्यात काढून घेण्याजोगी उष्णता असते. हीट पंपातील शीतकारक द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षाही गार अवस्थेत बाष्प होतो, तेव्हा समुद्राची उष्णता शोषतो. मग ते बाष्प दाबले की त्याचे तापमान वाढते आणि ती उष्णता जाळ्यातील पाण्याला देता येते. फ्रिजच्या मागची जाळी गरम का लागते, याचेही कारण हेच.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरील एस्बियर्ग शहरात कोळशाचे केंद्र २०२४ मध्ये बंद झाले आणि त्याच्या जागी ७० मेगावॉटचे समुद्रजलावर चालणारे हीट पंप, लाकडाच्या चिप्सचा बॉयलर आणि विजेचा बॉयलर असे त्रिकूट आले. तिथला वॅडन समुद्र हा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्यामुळे गळती झाली तरी अपाय होणार नाही असे शीतकारक हवे होते, म्हणून चक्क कार्बन डायऑक्साइडच निवडला गेला. एकीकडे ज्याचे उत्सर्जन टाळायचे, त्याच वायूला बंद नळ्यांत कोंडून कामाला लावायचे, हा योग गमतीचा आहे. पण त्यात एक अट असते : कार्बन डायऑक्साइडवर चालणारे पंप परतीचे पाणी पुरेसे निवलेले असेल तरच नीट चालतात. म्हणजे घराघरांतल्या रेडिएटरचा समतोल पुन्हा आलाच.

हेलसिंकीत कात्री वाला उद्यानाच्या खाली, खडकात कोरलेल्या पोकळीत २००६ पासून एक हीट पंप केंद्र चालते. शुद्धीकरण झालेल्या सांडपाण्यातून ते उष्णता घेते, आणि उन्हाळ्यात कार्यालये थंड ठेवणाऱ्या शीतजाळ्याच्या परतीच्या पाण्यातूनही घेते. तेव्हा एखाद्या कचेरीतून काढलेली उष्णता दुसऱ्या कुणाच्या आंघोळीच्या पाण्यात जाते. व्हिएन्नात सिमरिंग येथे २०२३ मध्ये सांडपाण्यावरील ५५ मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. ही कल्पना नवी नाही, हेही नोंदवायला हवे. स्टॉकहोमने बाल्टिक समुद्राचे पाणी वापरणारे प्रचंड हीट पंप १९८० च्या दशकातच बसवले होते. तेव्हा नव्या अणुकेंद्रांमुळे स्वीडनमध्ये वीज मुबलक आणि स्वस्त होती.

वारा पडलेला असताना कडाक्याची थंडी आली, तर विजेवर विसंबलेल्या शहराचे काय होणार?

या प्रश्नाचे एक उत्तर साठवणूक हे आहे, आणि उष्णता साठवणे वीज साठवण्यापेक्षा फार स्वस्त असते, कारण त्यासाठी लागते ते मुख्यतः पाणी आणि जागा. हेलसिंकीत मुस्टिक्कामा बेटाखाली पूर्वी तेल साठवण्याच्या गुहा होत्या. त्यांत आता २,६०,००० घनमीटर पाणी भरून ११,६०० मेगावॉट-तास उष्णता साठवता येते आणि १२० मेगावॉटच्या वेगाने ती सुमारे चार दिवस पुरते. वीज स्वस्त असते त्या रात्री गुहा तापवायच्या आणि महाग असते तेव्हा त्यांतून उष्णता काढायची, असा हा व्यवहार आहे.

डेन्मार्कमध्ये खडकाऐवजी मातीचे मोठे खड्डे खणतात, त्यांना प्लॅस्टिकचे अस्तर देतात, पाणी भरतात आणि वर तरंगते उष्णतारोधक झाकण घालतात. व्होयेन्स येथील असा खड्डा सुमारे दोन लाख घनमीटरचा असून उन्हाळ्यात सौर संग्राहकांनी तापवलेले पाणी तिथे थंडीपर्यंत टिकवले जाते.

कोपनहेगन परिसरात दुसऱ्या दिवशी कोणत्या केंद्राने किती उष्णता द्यायची याची रोजची आखणी वार्मेलास्ट ही यंत्रणा करते, आणि ती विजेच्या बाजारभावाशी बांधलेली असते. तरीही अतिशीत आठवड्यासाठी काही बॉयलर राखीव ठेवावेच लागतात. वर्षातून मोजकेच तास चालणाऱ्या राखीव बॉयलरला ताबडतोब हटवण्याचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. तेवढाच पैसा परतीचे पाणी गार करण्यावर खर्चला तर उत्सर्जन अधिक घटते.

लाकूड जाळणे खरोखर कार्बनमुक्त मानावे का?

या विषयातला हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे, आणि तो टाळून कोपनहेगनचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शहराच्या दक्षिणेकडील आवेडोरे केंद्र आता लाकडाच्या पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर) आणि पेंढ्यावर चालते, तर आमागर येथील कोळशाच्या संचाची जागा बायोफोर नावाच्या चिप्सवरील केंद्राने घेतली. हेलसिंकीतही वूओसारी येथे लाकडाच्या चिप्सचे केंद्र आहे. कागदोपत्री या उष्णतेचे उत्सर्जन शून्य धरले जाते, कारण आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत झाड तोडले त्या देशाच्या जमीनवापराच्या खात्यात तो कार्बन मोजायचा असतो, धुराड्यापाशी नाही.

धुराड्यातून मात्र कार्बन डायऑक्साइड निघतोच, आणि नवे झाड वाढून तो परत शोषून घेईपर्यंत काही वर्षे ते काही दशके जातात. फांद्या, भुसा आणि गिरणीतले तुकडे जाळणे वेगळे आणि उभे खोड जाळणे वेगळे. डेन्मार्क आपल्या लाकडी इंधनाचा मोठा भाग आयात करतो. त्यासाठी शाश्वततेचे निकष २०२१ पासून कायद्याने बंधनकारक झाले, पण निकष पाळले म्हणून कालावधीचा प्रश्न सुटत नाही.

आणखी एक तोटा सहसा बोलला जात नाही. लाकडाचा बॉयलर कोळशाच्या बॉयलरइतकेच गरम पाणी सहज देतो, त्यामुळे जाळ्यात काहीही न सुधारता इंधन बदलता येते आणि तळघरांतले अवघड काम आणखी वीस वर्षे पुढे ढकलले जाते. कोळशापासून लवकर सुटण्यासाठी लाकडाचा आधार घेणे समजण्यासारखे आहे, पण नवी केंद्रे त्याच भरवशावर बांधणे शहाणपणाचे वाटत नाही.

कोपनहेगन २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होणार होते. ते का झाले नाही?

मुख्य अडसर कचऱ्याचा ठरला. आमागर बाके हे छतावर बर्फाविना स्कीइंग करता येणारे प्रसिद्ध केंद्र शहराचा कचरा जाळून जाळ्याला उष्णता देते. त्या कचऱ्यातील प्लॅस्टिक हे मुळात खनिज तेलच, म्हणून त्याचे उत्सर्जन हिशेबात धरावे लागते. धुरातून वर्षाला सुमारे पाच लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली पुरण्याची योजना होती. सरकारी निधीच्या अटींत ती बसली नाही आणि ऑगस्ट २०२२ मध्ये शहराला लक्ष्य चुकणार हे मान्य करावे लागले.

स्टॉकहोमने याच तंत्राचा वेगळा उपयोग ठरवला आहे. तिथल्या स्टॉकहोम एक्सेर्गी कंपनीने मार्च २०२५ मध्ये लाकडी इंधनाच्या केंद्राच्या धुरातून वर्षाला आठ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली, आणि तो नॉर्वेच्या समुद्रतळाखाली साठवला जाणार आहे. स्वीडिश सरकारचे मोठे साहाय्य मिळाले म्हणून हे शक्य झाले.

डेटा सेंटरची उष्णता कितपत भरवशाची?

उष्णता भरपूर आणि बारमाही असते, पण ती साधारण पंचवीस ते तीस अंशांची, म्हणून हीट पंपाविना भागत नाही. डेन्मार्कमधील ओडेन्से शहर मेटा कंपनीच्या डेटा सेंटरची उष्णता आपल्या जाळ्यात घेते, आणि फिनलंडमधील एस्पो परिसरात फोर्टम ही ऊर्जा कंपनी व मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या योजनेनुसार तिथल्या जाळ्याची सुमारे चाळीस टक्के गरज यातून भागावी अशी आखणी आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार एक मेगावॉटहून मोठ्या डेटा सेंटरने वाया जाणारी उष्णता वापरात आणावी, अन्यथा ते शक्य नसल्याचे दाखवावे, अशी तरतूद झाली आहे. मात्र जाळे पन्नास वर्षांसाठी बांधले जाते, तर डेटा सेंटरचा मालक व्यवसायाच्या गणितानुसार कधीही निघून जाऊ शकतो. शहराने सगळा भार एका भाडेकरूवर टाकू नये.

भूगर्भातील किंवा अणुकेंद्रातील उष्णता वापरता येत नाही का?

जिथे निसर्ग अनुकूल आहे तिथे येते. रेक्याविक १९३० पासून भूगर्भातील गरम पाणी वापरत आहे. एस्पोमध्ये सहा किलोमीटरहून खोल विवर खणूनही कठीण खडकातून पुरेसे पाणी वाहीना आणि तो प्रयत्न सोडावा लागला. अणुउष्णतेचे अलीकडचे उदाहरण चीनमधील हायांग शहराचे, जिथे २०२१ च्या हिवाळ्यापासून शहराची ऊब अणुकेंद्रातून येते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक घराला स्वतंत्र हीट पंप का बसवू नये?

विरळ वस्तीत तेच योग्य आहे. घरे दूर दूर असली की नळांची लांबी वाढते, वाटेत उष्णता निसटते आणि खर्च परवडत नाही. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर डेन्मार्कने वायूच्या बॉयलरवर असलेल्या सुमारे चार लाख घरांना २०२२ मध्ये पत्रे पाठवून तुमच्याकडे जाळे येणार की नाही हे कळवण्याचे ठरवले. त्यानंतर नळांच्या आणि कर्जाच्या वाढत्या खर्चामुळे काही भागांतील योजना रद्द झाल्या, आणि तिथल्या लोकांना शेवटी स्वतःचा पंपच घ्यावा लागला. दाट शहरात चित्र उलट असते : पाच मजली इमारतींच्या गल्लीत शेकडो पंपांना ना जागा मिळते ना पुरेशी वीजजोडणी, आणि समुद्र, सांडपाणी किंवा गुहांतील साठा यांचा लाभ एकट्या घराला घेता येत नाही.

खर्च कोण उचलतो?

डेन्मार्कमध्ये बहुतेक जाळी नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची आहेत आणि कायद्याने त्यांना ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालावे लागते. नगरपालिकेच्या हमीवर कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज मिळते आणि त्याची फेड उष्णतेच्या दरातून होते. परिणामी, केलेली बचत दरात उतरते आणि फसलेल्या प्रकल्पाचा भुर्दंडही दरातूनच वसूल होतो. ग्राहकाला पुरवठादार बदलता येत नाही, म्हणून हिशेब उघडे असणे या व्यवस्थेत फार महत्त्वाचे ठरते.

पूर्व युरोपातील मोठ्या जाळ्यांची स्थिती काय आहे?

वॉर्सासारख्या शहरांत प्रचंड जाळी आहेत आणि ती दीर्घकाळ कोळशावर चालत आली. समाजवादी काळातील इमारतींत रहिवाशाला ऊब कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. घर फार तापले की खिडकी उघडणे हाच थर्मोस्टॅट. अशा ठिकाणी इमारतीगणिक स्वयंचलित उपकेंद्र, प्रत्येक रेडिएटरला व्हॉल्व्ह आणि वापरानुसार मोजणी एवढे केले तरी इंधन न बदलताही मोठी बचत होते, आणि ते झाल्यावाचून पुढची पायरी चढता येत नाही.

भारताला यातून घेण्यासारखे काही आहे का?

आपल्या शहरांना ऊब नको, गारवा हवा. पण रचना तीच राहते. एका केंद्रात पाणी गार करून नळांनी अनेक इमारतींना पुरवण्याची देशातील पहिली मोठी व्यवस्था गुजरातमधील गिफ्ट सिटीत चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या उपक्रमात ठाणे आणि पुणे या शहरांचीही अशा शीतजाळ्यासाठी प्राथमिक पाहणी झाली होती. येथेही जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्याच्या तापमानातील फरक हाच निर्णायक असतो, आणि इमारत बांधण्याआधी जाळ्याची जागा राखली नाही तर नंतर रस्ते खणण्याचा खर्च सगळे गणित बिघडवतो.

आम्ही कोपनहेगनमध्ये भाड्याने राहतो. आमच्या हातात काय आहे?

वाटते त्यापेक्षा बरेच. खोलीत दोन रेडिएटर असतील तर एकच पूर्ण उघडण्याऐवजी दोन्ही सारख्या खुणेवर थोडे थोडे उघडावेत, म्हणजे पाणी सावकाश वाहते आणि पूर्ण निवून परतते. त्यांच्यासमोर सोफा किंवा वर जाड पडदा असू नये. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे सताड उघडून हवा बदलावी, आणि तेवढा वेळ व्हॉल्व्ह बंद करावा. अनेक डॅनिश कंपन्या परतीचे पाणी ठरलेल्या मर्यादेपेक्षा गरम आले तर इमारतीला जादा आकार लावतात आणि गार आले तर सूट देतात, त्यामुळे याचा परिणाम बिलावरही दिसतो.

रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागतो, म्हणून तो बिघडला अशी तक्रार नवे रहिवासी हमखास करतात. खालची बाजू गार असणे हे तो उत्तम चालल्याचे लक्षण आहे. वरपासून खालपर्यंत तो सारखाच कढत लागत असेल, तर व्हॉल्व्हमधून गरजेपेक्षा जास्त पाणी जात आहे असे समजावे आणि इमारतीच्या देखभाल करणाऱ्याला कळवावे.